हसऱ्या चेहऱ्याखाली

नान्दोम, ११ जानेवारी १९९६

बायोर,

तुझं पार्सल मिळालं. पोस्टातल्या माणसाने ते कानाशी धरून हलवलं आणि मला विचारलं, "मास्तरीणबाई, भावाने जर्मनीहून घड्याळ धाडलंय का?" घड्याळ असतं तर बरं झालं असतं, निदान त्याला किल्ली तरी देता आली असती. निघाली एक टेप, कागदांचा गठ्ठा आणि तुझी चिठ्ठी. इतक्या वर्षांनी चार ओळी, त्यातली अर्धी बाच्या तब्येतीची. बाकी साडेतीन ओळी कामाच्या.

काम मला समजलं. गावात ज्यांनी तिकडचं संगीत ऐकलेलं नाही अशा माणसांना गाठायचं, टेपवरचा एकेक तुकडा ऐकवायचा आणि कागदावरच्या तीन चेहऱ्यांपैकी एकावर बोट ठेवायला सांगायचं. हसरा, रडका, घाबरलेला. समजावून काही सांगायचं नाही. मग तू लिहितोस, "संगीत सगळ्या माणसांना सारखंच कळतं, हे आपण सिद्ध करतो आहोत." हे 'आपण' म्हणजे कोण रे? तू आणि तुझे प्रोफेसर असाल. मला मोजू नकोस.

तरीही मी केलं. शाळा सुटल्यावर चिंचेखाली मशीन ठेवलं आणि जे आले त्यांना बसवलं. झिएम आजोबांनी आधी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"हा हसतोय तो कोण?"

"कुणी नाही आजोबा, नुसता चेहरा आहे."

"कान नाहीत याला."

"नाहीत."

"मग हा काय ऐकून हसतोय?"

सगळे खो खो हसले, मीही हसले. हे तुझ्या कागदावर कुठे लिहायचं ते कळव.

पहिला तुकडा संथ पियानोचा होता. त्याच्यापुढे तू 'रडका' लिहून ठेवलं आहेस. झिएम आजोबा डोळे मिटून सगळं ऐकत राहिले आणि म्हणाले, "हा माणूस काहीतरी शोधतोय. शेळी हरवली असेल." मी म्हटलं, बरं, मग कोणता चेहरा? तर म्हणाले, "ते शेळी सापडली की नाही त्यावर आहे. पुढचं वाजव." पुढचं नव्हतंच. तुम्ही लोकांनी तुकडा मध्येच कापला होता. आजोबा अजून मला वाटेत अडवून विचारतात, शेळीचं काय झालं.

खोटं बोलणार नाही, एका ठिकाणी तू जिंकलास. चौथ्या तुकड्यात कुठल्याशा दूरच्या देशातली बाई गाते. भाषा कुणाला कळण्यासारखी नव्हती. पण एउलालिया काकू पहिल्या ओळीलाच म्हणाली, "पोराला निजवतेय. आणि पोर काही निजत नाहीये, दमून गेलीय बिचारी." बाकीच्या बायकांनीही तेच सांगितलं. हे तुझ्या बाजूने धर. फक्त तुझ्या तीन चेहऱ्यांत निजणाऱ्या पोराचा चेहरा नाही, तेव्हा काकूने बोट ठेवलंच नाही.

मग मशीनच्या बॅटऱ्या संपल्या. उरलेली बाजू मी बाजाराच्या दिवशी फिदेलिसच्या दुकानात ऐकवीन. तो टेपा विकतो, त्याच्याकडे गाडीची बॅटरी आहे आणि झाडावर टांगलेला भोंगा आहे. तुला पुष्कळ माणसं हवीत ना, मिळतील.

बा ठीक आहे. डोळे गेल्यात जमा आहेत, पण कान तसेच आहेत. तुझं पार्सल आलं हे त्याला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की तो विचारणार, आईच्या टेपबद्दल काही लिहिलंय का. आई गेली तेव्हा तू आला नाहीस. बाने शिक्षकांच्या खोलीतलं मशीन मागून आणून तिच्या मयताला ग्यीलाच्या लाकडी पट्ट्यांवर स्वतः वाजवलेलं भरून घेतलं आणि तुला पाठवलं. ती टेप पोचल्याचं तू आजवर कळवलेलं नाहीस. मी तेव्हाच तुला खडसावून लिहिणार होते, पण बाने लिहू दिलं नाही. म्हणाला, "रडणाऱ्या माणसाला पत्र लिहिता येत नाही. राहू दे त्याला."

तुझी थोरली बहीण,
क्लोटिल्डा

---

नान्दोम, २९ जानेवारी १९९६

बायोर,

तुझ्या कागदावर असं छापलेलं आहे: तुकडा सातवा. पश्चिम आफ्रिका, लाकडी पट्ट्यांचं वाद्य. आवाज साफ केलेला. अपेक्षित उत्तर, हसरा चेहरा.

आधी मला घडलेलं लिहू दे, मग तुला काय म्हणायचं ते म्हणेन.

बाजार भरला होता. फिदेलिसने टेप लावली आणि तो भजी आणायला गेला. पाचवा आणि सहावा तुकडा झाला, लोक हसत होते, बोटं ठेवत होते, मी लिहीत होते. मग सातवा सुरू झाला. ग्यील आहे म्हणून काही पोरांनी टाळ्या धरल्या. पण त्या टाळ्या लगेच गळाल्या, कारण सुरुवातीचे ठोके बाई गेल्याचे होते. पुरुष गेला तर वेगळे वाजतात आणि बाई गेली तर वेगळे, हे तरी तुला आठवत असेल. शेतात खुरपणाऱ्याला ते लांबून ऐकू येतात आणि तो खुरपं टाकून निघतो. जन्मल्यापासून आपले कान हेच शिकलेत.

एउलालिया काकू तिच्या पितोच्या, ज्वारीच्या दारूच्या, मडक्यांशी बसली होती. तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि मोठ्याने ओरडली, "कोण गेली गं आज!" बाजार जागच्या जागी थांबला. मग ग्यीलाने ठोक्यांतूनच आईच्या कुळाचं नाव घेतलं, आणि काकू उभी राहिली. "अगं, ही तर पास्कालिना! ही आपली पास्कालिना!" आईला पुरून साडेचार वर्षं झालीत, बायोर. आणि काकू भोंग्याच्या खाली येऊन तिचं प्रेत शोधू लागली.

मला बटण सापडेना. फिदेलिस भजी टाकून धावत आला आणि त्याने तारच उपटली. पण तोवर आवाज ओढ्याच्या पलीकडे गेला होता. पलीकडच्या वस्तीतल्या बायका कमरेला लुगडी आवळून रडत निघाल्या होत्या, त्या बाजारात येऊन पोचल्या आणि प्रेत कुठे म्हणून विचारू लागल्या. मी कुणाकुणाला काय सांगू? जर्मनीत प्रयोग चाललाय म्हणून सांगू?

मग बा आला. काठी टेकत, कुणाचाही हात न धरता. स्वतःचे हात त्याने घरून ऐकले होते. मला वाटलं आता हा रागावेल किंवा कोसळेल. त्याने भोंग्याकडे तोंड वर केलं आणि विचारलं, "माझ्या ग्यीलाचा गळा कुणी कापला?"

हे तुमचं 'आवाज साफ केलेला'. लहानपणी आपण दोघं भिंतीवरून कोळ्याच्या अंड्यांचे पापुद्रे खरवडून बाला आणून द्यायचो, आठवतं? ग्यीलाखालच्या भोपळ्यांच्या भोकांवर तो ते चिकटवायचा, एकेक, ओठांनी फुंकून बघायचा. त्यांची ती भुणभुण तुम्ही कचरा समजून काढून टाकलीत. त्या भुणभुणीशिवाय ग्यील म्हणजे लाकडावर लाकूड. बा म्हणायचा की ठोके जिवंत माणसांसाठी असतात आणि भुणभुण गेलेल्यासाठी. म्हणजे तुम्ही नेमकं आईला बाहेर काढलंत आणि बाकीचं ठेवून घेतलंत.

संध्याकाळी आमच्या अंगणात बैठक बसली. भूमीची पूजा राखणारा भूमीचा धनी आला होता, तू गेल्यावर त्या जागी कुओनूओ बसला आहे, स्वभावाने कडक. तो म्हणाला, "मयताचं ग्यील वाजलं आणि मयत नाही. भूमीला हाक मारून रिकाम्या हाती परत पाठवता येत नाही. आता ती कुणालातरी मागणार." माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळ्यांच्या मनात मीच होते.

बा म्हणाला, "रिकामं नव्हतं ते."

"म्हणजे?"

"पास्कालिनाचं होतं. मी तिच्यासाठी वाजवलं, तिच्यासाठीच वाजलं. बायका रडल्या त्या तिच्यासाठीच. यात खोटं काय झालं?"

"तिचं मयत होऊन गेलंय, कुइरे," कुओनूओ बाला म्हणाला.

"कुठे होऊन गेलंय? पोटचा पोरगा रडायचा राहिलाय. मीच समजत होतो की तिकडे रडून झालं त्याचं." मग बा माझ्याकडे वळला. "त्या कागदावर माझं ग्यील कोणत्या चेहऱ्याखाली ठेवलंय गं त्याने?"

त्याला हे कुणी सांगितलं मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं. पण विचारल्यावर लपवलंही नाही. हसऱ्या, म्हटलं.

बा काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत बसला. शेवटी कुओनूओ उठला आणि त्याने निर्णय सांगितला. पास्कालिनाचं मयत अजून उघडं आहे. मुलगा येईल, ग्यीलाशी उभा राहील, तेव्हा ते मिटेल. तोवर या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मयताला ग्यील वाजणार नाही.

या घरात दुसरं कोण आहे, बायोर? मी आणि बा.

आता मला म्हणायचं ते. त्या देशातल्या माणसांनी आईच्या मयतावर हसरा चेहरा दाखवला असेल, त्याचा मला राग नाही. त्यांना कुणी शिकवलंय? पण तो तुकडा कापला कुणी, साफ केला कुणी, त्यावर सात आकडा घातला कुणी? ज्या घरात मी वाढले त्याच घरात तू वाढलास. तू कोणत्या कानाने ऐकलंस?

क्लोटिल्डा

---

नान्दोम, १८ मार्च १९९६

बायोर,

तुझं पत्र आलं. चांगलं जाड आहे. आम्हाला लिहायला तुझ्याकडे वेळ आहे हे पाहून आनंद झाला.

तू लिहितोस की तुकडे तू एकट्याने निवडले नाहीत. तिकडच्या जवळपास सगळ्यांनी सातव्याला हसराच दिला आणि हे अतिशय महत्त्वाचं आहे. वेग आणि ठेका यांचा अर्थ माणसाच्या शरीरातच असतो, त्याला गाव लागत नाही. आणि मी भावनेच्या भरात लिहू नये. आणि भूमीला शांत करायला गिनी कोंबडी कापायची असेल तर पैसे पाठवतोस.

कोंबड्या आमच्याकडे आहेत. तुझे पैसे तुझ्या खिशात राहू देत.

माणसाच्या शरीरातच अर्थ असतो म्हणतोस, तर एउलालिया काकूला काय शरीर नाही? तिने पहिल्याच ठोक्यांना डोकं धरलं. ती ऐकत नव्हती, पितो गाळत होती. तिला कागद नको होता, चेहरे नको होते. तुझ्या माणसांना विचारलंत तेव्हा त्यांनी विचार करून बोट ठेवलं. मग शरीराने कोण ऐकत होतं? आणि उलटं करून बघ. उद्या मी तुमच्या चर्चमधलं मयताचं वाजवणं इथे पोरांना ऐकवलं, पोरं झोपी गेली, आणि मी जगाला कळवलं की जर्मन लोक मेलेल्या माणसाला अंगाई गातात, तर तुझे प्रोफेसर मला मास्तरीण म्हणतील की अडाणी? तुमच्यातलं कुणी चुकलं तर ते महत्त्वाचं, आणि आमच्यातलं कुणी बरोबर असलं तर ती भावना. असा हिशेब मला मान्य नाही आणि मी तो मान्य करणार नाही.

पण तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल लिहायला हवं. तू म्हणतोस, टेप आली तेव्हा सोबत चिठ्ठी नव्हती. तुला वाटलं बाने तुझं मन रमावं म्हणून पाठवली, ठोके काय म्हणतात तिकडे लक्षच गेलं नाही. तो तुझा तिकडचा पहिला हिवाळा होता, तू कुणाशी बोलत नव्हतास, आणि ती टेप तू रोज लावायचास. "ती ऐकून मला बरं वाटायचं," असं लिहिलंयस. म्हणून ती तू प्रयोगात घातलीस, कारण तुला जे सगळ्यात आनंदाचं वाटलं ते तेच होतं.

हे वाचल्यावर मला तुला एक सणसणीत लगावावीशी वाटली. नंतर मी रडले. दोन्ही खरं आहे, तुला हवं त्या चेहऱ्याखाली घाल.

बाला मी पूर्ण पत्र वाचून दाखवलं. ते वाक्य त्याने पुन्हा वाचायला लावलं.

"बरं वाटायचं म्हणतो?"

"हो."

"रोज लावायचा?"

"तसं लिहिलंय."

"म्हणजे पोचलं थोडंफार," बा म्हणाला. "पास्कालिनाने पोराला बरं वाटू दिलं. तिचा स्वभावच तसा." मग म्हणाला, "पण अर्धंच ऐकलं गं त्याने. पायाने ऐकलं, नुसता ठेका."

मी विचारलं, मग ते परके लोक? त्यांना हसू आलं त्याचं काय? तर बा म्हणाला, "त्यांचे कान त्यांच्या आयांनी केलेत. त्यांना मी कशाला रागावू? हात पळतात, ते त्यांनी ऐकलं. का पळतात ते त्यांना कोण सांगणार? गेलेल्या माणसाला लांब जायचंय आणि आपल्याला वेशीपर्यंतच जाता येतं. तेवढ्यात सगळं सांगायचं असतं, म्हणून हात पळतात." हे मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. एवढी वर्षं एका घरात राहून.

तेव्हा हे पाहा. तुझ्या सगळ्या माणसांना सारखं कळणाऱ्या संगीतासाठी मी भरलेले कागद पाठवणार नाही. कोरे पाठवते आहे. फक्त चौथ्या तुकड्यापुढे, निजवणाऱ्या बाईपुढे, मी काकूचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत, कारण ते खरे आहेत आणि खरं दाबून ठेवायला मी काही प्रोफेसर नाही. सातवा तुकडा त्या टेपवरून काढ. मी विनंती करत नाहीये. तू लिहितोस की आता काही बदलता येणार नाही, तिकडचं छापायला गेलंय. मग छापलेलं परत माग. बाच्या हयातीत आईचं मयत अनोळखी माणसांना हसवत फिरणार नाही.

घरचं म्हणशील तर, कुओनूओच्या निर्णयाची बा आता थट्टा करतो. सकाळी खोकला आला की म्हणतो, "चला, आज मरावं म्हटलं तर सोय नाही. पोराने रांग अडवून ठेवलीय." आल्यागेल्याला हेच ऐकवतो आणि लोक हसतात. मला नाही हसू येत.

क्लोटिल्डा

---

नान्दोम, ईस्टरचा सोमवार, ८ एप्रिल १९९६

बायोर,

उन्हाळ्यात बघू, असं कळवलंस. तुझा उन्हाळा म्हणजे आमची पेरणी आणि पाऊस. तोवर थांबता येणार नाही.

गुड फ्रायडेच्या आधी बा अंगणात पडला. मोडलं काही नाही, पण डाव्या हाताची मूठ वळत नाही. दवाखान्यातली नर्स म्हणाली, वयाचं आहे, मालिश करा. मी शियाच्या बियांच्या तेलाने चोळते. काल चर्चमधून आले तर बा ग्यीलापाशी बसला होता आणि डाव्या हाताला वाजवायची काठी चिंधीने बांधून घेत होता, गाठ दातांनी ओढून. मी ओरडले. त्याने मलाच झापलं.

"आईचं मयत उघडं आहे ना? मग मला वाजवायची मनाई नाही. तो येईपर्यंत हात चालता ठेवायचाय."

"आणि नाही आला तर?"

"तू लिही ना त्याला. पोरांना दटावण्याचा पगार घेतेस, आपल्याच भावाला दटावता येत नाही?"

म्हणून दटावते आहे. भोपळ्यांवरचे सगळे पापुद्रे मी नवे लावले आहेत. शाळेच्या पोरांना भिंती खरवडायला लावल्या. बाने एकेक फुंकून पाहिला, दोन काढायला लावले, बाकीचे ठीक म्हणाला. तुझ्या टेपवरून जे काढलंत ते सगळं जागेवर आहे.

पाकिटात एक दोरी आहे. ती काय आहे ते तुला सांगायची वेळ येऊ नये, पण आता तुझा भरवसा वाटत नाही म्हणून सांगते. मयताला सगळ्यात जवळच्यांना बांधतात. दुःखात माणूस पळत सुटतो, स्वतःचं काही बरंवाईट करतो, म्हणून कुणीतरी दुसरं टोक धरून त्याच्या मागे चालतं. नवऱ्याला चामड्याची पट्टी, भावंडांना वाखाची, आणि मुलांच्या घोट्याला साध्या सुताची दोरी. आईच्या वेळी बाने स्वतः दोन दोऱ्या वळल्या होत्या. एक माझ्या पायात बांधली. दुसरी तीन दिवस ग्यीलाच्या चौकटीला लटकत होती, कारण बा म्हणाला होता, गाडी उशिरा येत असेल. नंतर ती काढून फेकायला कुणाचं मन झालं नाही.

पाकिटात आहे ती दुसरी.

तू ये. तुझे कागद आण, तुझे चेहरे आण, मशीनही आण हवं तर. बा वाजवेल, एका हाताने आणि एका बांधलेल्या हाताने. तू ग्यीलापासून हातभर अंतरावर उभा राहा. बायकांच्या रडण्यात, धुळीत, कुणी समजावून न सांगता. त्यानंतरही तुझं बोट हसऱ्या चेहऱ्यावर गेलं तर मी तुझ्या प्रोफेसरला स्वतःच्या अक्षरात लिहून देईन की तुम्ही बरोबर आहात, संगीत सगळ्या जगाला सारखंच कळतं. पण ते बोट जाणार नाही हे मला ठाऊक आहे. जो मुलगा हिवाळाभर रोज आईपाशी जाऊन बसला आणि आपण कुणापाशी बसलोय हे त्याला कळलं नाही, तो ग्यीलाने तिच्या कुळाचं नाव घेतल्यावर उभा राहूच शकणार नाही. तेव्हा तू पळशील. पळ हवा तिकडे. ओढ्यापर्यंत, बाजारापर्यंत, जिथे काकू भोंग्याखाली तिला शोधत होती तिथपर्यंत. दुसरं टोक माझ्या हातात असेल आणि मी दमत नाही.

दोरी तिकडे विसरून येऊ नकोस. माझ्याकडे दुसरी नाही. बाच्या मुठीने आता वळता येत नाही, आणि मी वळणार नाही.

क्लोटिल्डा